माहेरची गाठ

नातू जन्मला तेव्हा सासूबाईंनी पाळण्यावर वाकून वाटणी करून टाकली होती. नाक आमच्याकडचं, कपाळ आजोबांचं, रंग थेट आमच्या थोरलीचा. वैजूच्या वाट्याला नऊ महिन्यांच्या ओकाऱ्या तेवढ्या आल्या.

दुसऱ्याच दिवशी बाळ हिरवंगार ओकलं, पोट टम्म फुगलं. सर्जन म्हणाले, "आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण तिने रस्ता बंद केलाय, काढावीच लागेल. क्वचित गर्भातच होते अशी. यात कुणाचा दोष नसतो."

"गाठ? आमच्या घराण्यात नाही हो असलं काही!" सासूबाईंनी लगेच हात झटकले. "हिच्या माहेरचं असणार."

वैजूने ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला पेन घेतलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता बाळाला शी कधी होते, याकडे सगळ्यांचे डोळे लागले. सासूबाई तर देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या. दिसेल त्या नर्सला विचारायच्या, "झाली का हो?"

अखेर झाली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. त्याच जोडलेल्या हातांत वैजूने भरलेला लंगोट ठेवला.

"घ्या आई. ही मात्र अगदी तुमच्या घराण्याची!"