फाइलीतलं नाव

वटारच्या बागायतदार सोसायटीत विमलाताई बारा वर्षं कॉम्प्युटरवर काम करत होत्या, पण चेअरमन भालचंद्रभाऊंच्या नावाच्या लॉगिन-खात्यातून. कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या मेलिसानं महिन्यापूर्वी त्यांना वेगळं खातं उघडून दिलं. सोमवारी ते गायब झालं.

"या कॉम्प्युटरवरची लिनक्स सिस्टीम अशीच बसवलीय, ताई," मेलिसा म्हणाली. "मुख्य फाइलीत ज्याचं नाव, त्याचंच खातं टिकतं. वरवर उघडलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं. फाइलीत लिहायला भाऊंची परवानगी लागेल."

"कशाला?" भाऊ पेपरातून मान वर न करता म्हणाले. "माझं आहे ना! त्यातूनच चाललंय की सगळं."

"मला माझं हवंय."

विमलाताईंचा आवाज चढला नव्हता, तरी भाऊंनी पेपर खाली ठेवला. "बरं, लिही बाई," ते मेलिसाला म्हणाले.

मेलिसानं नाव लिहून फाइल लागू केली. पडद्यावर दोन नावं आली. विमलाताईंनी कुणाला विचारायला लागू नये असा स्वतःचा पासवर्ड घातला आणि उठून खुर्ची रिकामी केली.

"भाऊ, तुमचंही एकदा उघडून बघा," मेलिसा म्हणाली.

भाऊ बसले. आपल्या नावावर त्यांनी माउस नेला, आणि मग विमलाताईंकडे वळून हळूच विचारलं, "माझा पासवर्ड काय आहे हो?"