दुसऱ्या वाराबद्दल

मेव्हणा वाचला. पण ते अजून झालंच नाही असं धरून चालू, कारण बुधवारी सकाळी तो मरायला टेकला होता आणि त्याचे भावोजी, म्हणजे खाटीक, त्याचे पाय चेपत बसले होते.

डावा हात कोपराच्या खालपासून मनगटापर्यंत उघडा होता. आठ दिवसांपूर्वी खाटकानंच सत्तूर घालून तो उघडला होता. पुढं जखम चिघळली आणि डॉक्टरांनी तीन वेळा सडकं मांस खरवडून काढलं.

भांडणाचं कारण साधं होतं. मेव्हण्याची पोल्ट्री होती. आजार येऊ नये आणि वजन लवकर भरावं म्हणून तो कोंबड्यांच्या पाण्यात रोज अँटिबायोटिकची पूड घालायचा. त्याच कोंबड्या खाटकाच्या दुकानात यायच्या आणि खाटकाची बायको, म्हणजे मेव्हण्याची सख्खी ताई, त्या साफ करायची. तिला ताप आला. तो एकाही औषधाला दाद देईना. शेवटी एक मूत्रपिंड काढावं लागलं. जंतू कोंबड्यांचे निघाले, आणि पूड पिऊन पिऊन ते औषधांना सरावलेले होते.

एवढ्यावर खाटीक गप्प बसला असता. पण त्याला कळलं की मेव्हण्यानं घरी खायला बारा कोंबड्या वेगळ्या ठेवल्यात. बिनपुडीच्या.

"बारा?" त्यानं दुकानात विचारलं.

"तेरा होत्या. एक काल खाल्ली," मेव्हणा म्हणाला, आणि सत्तूर खाली आला. सत्तुराला सकाळच्या कोंबड्यांचं रक्त होतं.

खोलीच्या दाराशी पोलीस शिपाई बसलेला असायचा. "जगला तर एक कलम, मेला तर दुसरं," तो खाटकाला म्हणाला होता. "कागदावर मी जागा सोडलीय."

खाटकाला कोठडीत न ठेवता इथंच ठेवा, हा हट्ट मेव्हण्याचाच. "मला उठवायला-बसवायला माणूस लागतो. त्यांनी मारलंय, तेच निस्तरतील."

डॉक्टर आले. त्यांनी नव्या औषधाचं नाव सांगितलं.

"ते नका देऊ," मेव्हणा क्षीण आवाजात म्हणाला. "ते आमच्याकडं पिल्लांना चालू असतं."

डॉक्टरांनी दुसरं नाव घेतलं.

"ते मोठ्यांना."

तिसरं घेतलं.

"ते मी बंद केलं. पण दोन वर्षं पाजलंय."

डॉक्टरांनी हातातला तपासणीचा अहवाल पाहिला. तिन्ही वेळा पोल्ट्रीवाल्याचं बरोबर होतं. "एकच उरलंय," ते म्हणाले आणि त्याचं नाव सांगितलं. मेव्हण्यानं बराच वेळ आठवून पाहिलं.

"हे नाही ऐकलं. कुठं मिळतं?"

डॉक्टरांनी अहवाल मिटला. "सोमवारपर्यंत बघू. नाहीच लागू पडलं तर हात काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल."

"हात देणार नाही," मेव्हणा म्हणाला. "मेलो तरी चालेल. भावोजींना फाशी झाली की नाही, तेवढं नंतर कोणीतरी कळवा."

बाहेर खाटकाची बायको भिंतीला टेकून उभी होती. "एकानं मला आजारी पाडलं, दुसरा फासावर जाणार," ती डॉक्टरांना म्हणाली. "काहीही करा, पण त्याला जगवा. मला दोघंही हवेत."

"हातासकट?" डॉक्टरांच्या मागून आलेल्या खाटकानं विचारलं.

"हाताचं मी काही बोलले नाही."

शनिवारी मेव्हण्यानं दोन ताटं जेवण संपवलं. खाटकाला गलबलून आलं. मरणारा माणूस असाच शेवटचा घास घेतो, असं त्यानं ऐकलं होतं. रविवारी मेव्हण्यानं डोकं, पाठ आणि पाय असं सगळं चेपून घेतलं आणि मधेमधे "जोर लावा" म्हणाला.

"औषध लागू पडलं का रे?"

मेव्हण्यानं डोळे मिटले. "आता कशाला विचारता, भावोजी. डावी पोटरी राहिलीय."

खाटकानं डॉक्टरांना बाहेर गाठलं. डॉक्टर अवघडले. "काही सांगू नका, असं पेशंटनं बजावलंय. घरच्यांनासुद्धा."

खाटकानं मान हलवली. असं माणूस कधी बजावतो, ते त्याला कळत होतं.

सोमवार उजाडला. दुपार झाली. हात काढायला कोणी आलं नाही. म्हणजे डॉक्टरांनीही आशा सोडली होती.

खाटकानं शिपायाला चहाला पाठवलं आणि आतून कडी घातली. डब्याच्या पिशवीतून दुकानातला दुसरा सत्तूर काढला. सकाळी शिपायासोबत डबा आणायला घरी गेला, तेव्हा शिपायाला दाराशी थांबवून त्यानं तो वीस मिनिटं उकळून घेतला होता. या खेपेला त्याला कुठंच हयगय करायची नव्हती. मग तो मेव्हण्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला, तोंडात टॉवेल कोंबला आणि दंडाला कमरेचा पट्टा आवळून बांधला. बँडेज कोरडं, पांढरंशुभ्र होतं. ते सोडायची गरज नव्हती, कारण कापायचं त्याच्या वर होतं.

मेव्हणा तडफडला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. डोळे बाहेर आले होते, मान सारखी डावी-उजवीकडं चालली होती, टॉवेलमधून नुसतं हुं-हुं येत होतं. त्यानं उजव्या हातानं खाटकाचा गळा धरला, आणि बराच घट्ट धरला.

"बोलू नकोस, थकशील," खाटीक मायेनं म्हणाला. "ताईसाठी करतोय."

पंचवीस वर्षांचा सराव होता. कोपराचा सांधा बरोबर सापडला. एका वारात हात खाली पडला आणि रक्ताची चिळकांडी छतापर्यंत गेली. खाटकानं पट्टा आणखी एक भोक आवळला आणि दार उघडून डॉक्टरांना हाक मारली.

चार महिन्यांनी तुरुंगातून कोर्टाकडं अर्ज गेला:

"पहिला वार रागाच्या भरात झाला असून त्याची शिक्षा अर्जदारास मान्य आहे. रविवारच्या तपासणीत सदर रुग्णाच्या हातात एकही जंतू सापडला नव्हता व मंगळवारी त्यास हातासकट घरी सोडण्यात येणार होते. परंतु आणखी दोन दिवस पाय चेपून मिळावेत म्हणून रुग्णाने ही बाब लपवून ठेवली, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. सबब, दुसरा वार शस्त्रक्रिया म्हणून नोंदवण्यात यावा, ही नम्र विनंती."