वाटीखालची नोट

टिळेकरांनी चष्मा सावरून बिल वाचलं. दोनशे दहा. बायको बरोबर असायची तेव्हा आकडा चारशेच्या घरात जायचा आणि ते बडीशेपेच्या वाटीखाली वीस रुपये टीप ठेवायचे. शेकडा पाच, हा त्यांचा जन्माचा खाक्या. आज माणूस एक, म्हणजे दहा. नोट वाटीखाली सारून ते उठले.

दाराशी आल्यावर मात्र सवयीने थांबले. बायको दर वेळी टेबलावर काहीतरी विसरायची. कधी रुमाल, कधी पर्स. "जरा थांबा हं," म्हणत ती माघारी जायची आणि टिळेकर घर येईपर्यंत तिच्या वेंधळेपणावर तोंडसुख घ्यायचे.

"काका, काकू नाही आल्या?" टेबल आवरणाऱ्या वेटरने विचारलं.

"गेली ती. श्रावणात."

वेटरच्या हातातलं फडकं थांबलं. "त्या कधीच काही विसरायच्या नाहीत, काका," तो चाचरत म्हणाला. "परत येऊन वाटीखाली पन्नासची नोट ठेवायच्या. म्हणायच्या, यांना सांगू नका, उगाच चिडतील."

टिळेकर बाहेर पडले. तीन पायऱ्या उतरले. बोलणी खायला शेजारी कुणीच नव्हतं. ते वळले आणि पुन्हा टेबलाशी आले.

"चष्मा विसरलो," असं पुटपुटत त्यांनी वाटी उचलली आणि खिशातली पन्नासची नोट तिच्याखाली ठेवली.

वेटरने त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने शेजारचं टेबल पुसायला घेतलं.