दोन खोल्यांमधली फट

"शेजारून तक्रार आलीय," दारातली दुरुस्तीवाली म्हणाली. "या मधल्या भिंतीची."

बाळाच्या आईने त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आता तर हा रडतसुद्धा नाही फारसा. दात येत होते ना, तेव्हा जरा..."

"आधी भिंत बघू दे." चपला दाराशी काढून ती आत आली.

घर अनुदानाचं. अख्ख्या खोल्या कारखान्यात तयार होऊन नळ-फरशीसकट ट्रकवरून आल्या होत्या. मग क्रेनने एकीवर एक, एकीला लागून एक रचल्या. सिमेंट कमी, लाकूड जास्त. "आपल्याआधी आपलं घरच फिरून आलं," नवरा म्हणाला होता. तो त्याच कारखान्यात होता, दुसऱ्या गावी. लोकांच्या खोल्या जोडायचा आणि सुट्टी मिळाली की स्वतःच्या खोलीत पाहुण्यासारखा यायचा.

पहिलं वर्ष ताबा कच्चा. शेजाऱ्यांची तक्रार खरी ठरली, तर घर दुसऱ्याला. हे तिने चावी घेतानाच ऐकलं होतं. तेव्हापासून बाळाच्या आधी तीच दचकून जागी व्हायची.

भिंतीपलीकडे एक आजोबा एकटेच राहायचे. बाळ रडायला लागलं की पलीकडून टकटक सुरू व्हायची. जोरात नाही. हळू, एका लयीत, बराच वेळ. बाळ गप्प झालं की थांबायची. जिन्यात भेटले तर आजोबा तिच्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. बाळाकडे मात्र टक लावून बघायचे. ती दुपटं बाळाच्या तोंडावर ओढून घ्यायची आणि पटापट पायऱ्या चढायची.

अंगाईसुद्धा ती आता ओठातल्या ओठात म्हणे. मोठ्यांदा बोलावं असं दिवसभरात कुणी नव्हतंच. नवऱ्याचा फोन यायचा, पण "सगळं छान आहे" एवढं सांगायला आवाज चढवावा लागत नाही.

दुरुस्तीवालीने भिंतीच्या तळाची फळी सोडवायला घेतली.

फळी निघाली. दोन खोल्यांच्या भिंतींमध्ये वीतभर पोकळी होती. दुरुस्तीवालीने हात घातला आणि एक चादर बाहेर ओढली. मग उशीचा कापूस. मग एक स्वेटर.

"हे काही कारखान्यातून आलेलं दिसत नाही."

"मी भरलंय. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून." ती भराभर बोलत गेली. "भिंतीला हात लावायचा नसतो, माहितीय मला. पण टकटक थांबली हो त्याने. त्या दिवसापासून एकदाही नाही."

"आणि हा स्वेटर?"

"ह्यांचा."

"त्यांना थंडी वाजत नाही वाटतं." दुरुस्तीवाली हसली. आई हसली नाही.

"काढावं लागेल सगळं. इथे हवा खेळली नाही तर लाकूड ओल धरतं."

"मग आवाज जाईल ना पुन्हा."

"जाईल."

"अहो, एवढी एक तक्रार मिटवता येत असेल तर बघा. मी हवा खेळेल असं दुसरं काही भरते. याला घेऊन मी कुठे जाऊ?"

तिचा आवाज चढला तसं बाळाने भोकाड पसरलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि त्याला छातीशी धरून पाठीवर थोपटू लागली. हळू, एका लयीत.

पलीकडून टकटक सुरू झाली.

उघड्या फटीतून ती आज अगदी जवळ वाटत होती. आईचा हात बाळाच्या पाठीवर पडे, तेव्हाच तिकडे भिंतीवर बोटं पडत. बाळाचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग तेही विरलं.

टकटक थांबली.

"ऐकलंत?" ती कुजबुजली. "हेच. पुन्हा सुरू झालं."

दुरुस्तीवालीने फटीत शेवटी उरलेलं एक दुपटं काढलं, झटकलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"आजोबांची तक्रार तीच होती," ती म्हणाली. "म्हणाले, भिंतीतून बाळ ऐकू येईनासं झालंय, आता मी थोपटू कुणाला?"