बियांची निलगिरी

ओंगोलजवळ सांबय्याची निलगिरीच्या क्लोनची, म्हणजे एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या आणि एकसारख्या वाढणाऱ्या रोपांची, रोपवाटिका होती. एका वर्षी क्लोन कमी पडले, तेव्हा त्याने बियांपासून केलेली रोपं क्लोन म्हणून बहिणीच्याच शेतात खपवली.

पुढच्या संक्रांतीला तो तिच्याकडे जेवायला गेला. वाढता वाढता ती बोललीच, "शेजाऱ्यांची झाडं कशी एका उंचीची! आमचीच मेली उंच-बुटकी. लोक हसतात रे."

"रोपं चांगलीच होती. पाणी द्यायला मीच आळस केला," दाजी म्हणाले.

"तरी मी सांगत होते!" म्हणत ती आत गेली.

सांबय्याने हातातला घास ताटात ठेवला. "दाजी, ती रोपं..."

"प्रत्येक रोपाची पालवी वेगळी फुटली तेव्हाच मला कळलं होतं," दाजी हळूच म्हणाले. "तिच्यापाशी बोलू नकोस. तिला माहेर म्हणून तू एकटाच उरलायस."