जनीचं शालोम

पनवेलच्या सिनेगॉगमध्ये एझकेल मास्तर मुलांना शिकवत, "ज्याच्या घरचं माणूस गेलंय, त्याला सात दिवस शालोम म्हणू नये. त्याला कसली आलीय शांती?"

त्या सोमवारी मास्तर प्रार्थनेला निघाले. इस्राएलच्या फौजेत गेलेल्या मोशेचं, त्यांच्या मुलाचं, लढाई सुरू झाल्यापासून पत्र नव्हतं. बाजारात जनी कोळणीने नेहमीसारखी हाक मारली, "शालोम, मास्तर!" ऐकून ऐकून शिकली होती.

सिनेगॉगच्या पायरीवर चौघे उभे होते.

"शालोम," मास्तर म्हणाले.

कोणीच उत्तर दिलं नाही. त्यांच्यातला सिलमन चष्मा पुसू लागला. "आधी प्रार्थना होऊ दे, मास्तर. मग बसून बोलू."

मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मागे वळून ते तडक बाजारात गेले आणि जनीच्या टोपलीपाशी मटकन बसले.

"काय झालं वो मास्तर? बरं नाय काय?"

"जने, मघाशी म्हणालीस ना, ते परत म्हण."

"शालोम?"

"आलेखेम शालोम," मास्तरांनी उत्तर दिलं. "अजून एकदा म्हण."