मोज्यांची जोडी

सासूचा आजार रक्तातून लागणारा होता आणि तिला सारख्या रक्ताच्या उलट्या व्हायच्या. चार महिने सून अलिनाफेच त्या साफ करत होती. दवाखान्यातले हातमोजे घालायची, वर ब्लीचचं पाणी ओतायची, दहा मिनिटं थांबून मग पुसायची. आणि रोज ऐकायची, "तुझ्या नवऱ्याचं गूमूत मी उघड्या हातांनी काढलंय. तुला मात्र माझी किळस!"

आज मोज्यांचा डबा रिकामा निघाला. मक्याच्या शेतात कुदळ मारून फोड फुटलेल्या हातांनीच तिने फडकं उचललं. "घ्या आई, आज तुमच्या मनासारखं."

म्हातारीने तिचं मनगट धरलं, आणि उशीखालून मोज्यांची जोडी काढली.

"घाल आधी. एक दिवस दमून तू अशीच येशील, म्हणून चोरून ठेवली होती."